'द डार्क साइड ऑफ द मून'च्या अनधिकृत सराऊंड आवृत्त्या: सोलापूरच्या श्रोत्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात चार किंवा अधिक स्पीकरवर रॉक संगीत ऐकणारे श्रोते मोजके आहेत. पूर्व भागातल्या यंत्रमागवाल्या घरांपासून जुळे सोलापूरच्या सदनिकांपर्यंत ते विखुरलेले आहेत आणि एकमेकांच्या घरी जमून ऐकतात. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या या अल्बमविषयी नव्याने येणारी मंडळी जवळजवळ तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरे सविस्तर आणि एका जागी असावीत म्हणून हे लिहिले आहे.

अनधिकृत सराऊंड आवृत्ती म्हणजे नेमके काय?

बँडने किंवा ध्वनिमुद्रिका कंपनीने त्या स्वरूपात प्रसिद्ध न केलेली, परंतु चार किंवा अधिक चॅनलमध्ये, म्हणजे स्पीकरागणिक वेगळ्या ध्वनिप्रवाहात, वाजणारी कोणतीही प्रत या नावाखाली येते. मात्र या एकाच नावाखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी फिरतात आणि बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात. पहिल्या प्रकारात मिश्रण (मिक्स, म्हणजे कोणता आवाज किती आणि कुठून यावा याची मांडणी) मूळ अभियंत्याचेच असते. फक्त ते एखाद्या हौशी श्रोत्याने जुन्या तबकडीवरून किंवा टेपवरून उतरवलेले असते. दुसऱ्या प्रकारात बाजारात मिळणाऱ्या अधिकृत डिस्कवरील मजकूर दुसऱ्या फाइल-प्रकारात उतरवलेला असतो. तिसऱ्या प्रकारात मिश्रणच हौशी माणसाचे असते, म्हणजे कोणता आवाज कोणत्या स्पीकरमधून यावा हे मूळ कलावंतांपैकी कोणीही ठरवलेले नसते. पहिल्या प्रकाराला ऐतिहासिक मोल असू शकते आणि तिसऱ्याला प्रयोग म्हणून काही किंमत असू शकते. परंतु तिसऱ्या प्रकारची फाइल पहिल्या प्रकारच्या नावाने पुढे पाठवणे ही आमच्या मते या क्षेत्रातली सर्वांत हानिकारक सवय आहे.

या अल्बमची अधिकृत सराऊंड मिश्रणे कोणती?

तीन. अल्बम मार्च १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. लंडनच्या ॲबी रोडवरील ईएमआयच्या स्टुडिओत १९७२ ते १९७३ च्या सुरुवातीपर्यंत तो १६ ट्रॅकवर ध्वनिमुद्रित झाला होता आणि अभियंता ॲलन पार्सन्स होते. पार्सन्स यांनीच त्याचे चार चॅनलचे, म्हणजे क्वाड्राफोनिक किंवा थोडक्यात क्वाड मिश्रण केले आणि ते १९७३ मध्येच तबकडीवर आले. दुसरे मिश्रण जेम्स गथ्री यांचे ५.१ चॅनलचे (पुढे तीन, मागे दोन आणि खालच्या स्वरांसाठी एक वूफर), ते अल्बमच्या तिसाव्या वर्षानिमित्त २००३ मध्ये एसएसीडी या डिस्कवर प्रसिद्ध झाले. बँडच्या १९७९ च्या 'द वॉल' या अल्बमवरही गथ्री यांनी काम केलेले असल्यामुळे ते बँडला परके नव्हते. तरीही पार्सन्स यांचे मिश्रण बाजूला ठेवून नवे का केले, यावर श्रोत्यांत आजही मतभेद आहेत. तिसरे डॉल्बी ॲटमॉस या नव्या सराऊंड पद्धतीतले, तेही गथ्री यांचेच. २०२३ मध्ये पन्नासाव्या वर्षाच्या संचात ते ब्लू-रे डिस्कवर आले.

यात सर्वांत महत्त्वाचे वर्ष २०११ आहे. त्या वर्षी निघालेल्या 'इमर्शन' संचात २००३ चे ५.१ मिश्रण आणि १९७३ चे पार्सन्स यांचे क्वाड मिश्रण ही दोन्ही अधिकृतपणे एकत्र देण्यात आली. पुढच्या अनेक उत्तरांत या वर्षाचा उल्लेख येईल.

सराऊंडसाठी याच अल्बमची एवढी चर्चा का होते?

कारण पिंक फ्लॉइडच्या संगीतात चार कोपऱ्यांचा विचार आधीपासून होता. १२ मे १९६७ रोजी लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमधील कार्यक्रमात त्यांनी 'ॲझिमथ को-ऑर्डिनेटर' नावाचे यंत्र वापरले. ईएमआयचे तंत्रज्ञ बर्नार्ड स्पाइट यांनी बनवलेल्या या यंत्राच्या दांड्या फिरवून सभागृहातल्या स्पीकरमध्ये आवाज फिरवता येत असे. 'टाइम' या गाण्याच्या सुरुवातीला वाजणारी घड्याळे पार्सन्स यांनी आधीच ध्वनिमुद्रित केलेली होती, तीही चार चॅनलच्या प्रात्यक्षिकासाठी. बँडने ती गाण्यात घेतली. 'ऑन द रन'मधली सिंथेसायझरची धावती लय आणि पावलांचे आवाज, 'मनी'च्या आरंभी गल्ल्याच्या यंत्राची आणि नाण्यांची आवर्तने, हे सारे दोन स्पीकरमध्ये कोंबल्यासारखे वाटते आणि चार स्पीकरवर मोकळे होते. या अल्बमचे क्वाड मिश्रण म्हणूनच उपरे वाटत नाही.

अधिकृत मिश्रण १९७३ पासून होते, तर अनधिकृत प्रती कशासाठी निघाल्या?

क्वाड्राफोनिक पद्धत बाजारात टिकली नाही. एकाच वेळी एसक्यू, क्यूएस, सीडी-४ अशा परस्परांशी न जुळणाऱ्या पद्धती आल्या, प्रत्येकीला वेगळे यंत्र लागत होते, आणि सत्तरचे दशक संपेपर्यंत कंपन्यांनी हात काढून घेतला. त्यानंतर सीडी आली, पण तिच्यात दोनच चॅनल. परिणामी पार्सन्स यांचे क्वाड मिश्रण २०११ पर्यंत कोणत्याही अधिकृत डिजिटल स्वरूपात मिळत नव्हते. ज्यांच्याकडे जुनी तबकडी, तिच्यातले चॅनल वेगळे करणारे यंत्र म्हणजे डिकोडर आणि चार ॲम्प्लिफायर चॅनल होते, तेवढेच लोक ते ऐकू शकत होते. आणि ही सामग्री दर वर्षी झिजत चालली होती.

या काळात हौशी श्रोत्यांनी केलेले काम आम्ही जतनाचे काम मानतो. त्यांनी तबकड्या आणि टेपा डिजिटल स्वरूपात उतरवल्या आणि डीटीएस-सीडी (सराऊंड ध्वनी सांकेतिक रूपात भरलेली सीडी) व डीव्हीडी-ऑडिओ अशा रूपांत हातोहात पुढे दिल्या. ते कायद्याच्या चौकटीत होते असे आम्ही म्हणत नाही. मात्र मधल्या ३८ वर्षांत या मिश्रणाची आठवण जिवंत राहिली ती प्रामुख्याने त्यांच्यामुळे, हे नाकारणे अन्यायाचे होईल. २०११ नंतर मात्र 'दुसरा मार्गच नाही' हे कारण उरलेले नाही.

क्वाड मिश्रणाच्या अनधिकृत प्रती कोणकोणत्या मूळ साधनांवरून आल्या आहेत?

मुख्यतः दोन. एक तबकडी आणि दुसरी आठ-ट्रॅक क्वाड काट्रिज, म्हणजे टेपेची बंद डबी. दोहोंचे दोष इतके वेगळे आहेत की थोड्या सरावाने कानानेच फरक कळतो.

ब्रिटनमधली १९७३ ची क्वाड तबकडी एसक्यू पद्धतीची होती. या पद्धतीत चार चॅनल दोन चॅनलमध्ये मिसळलेले असतात. मागच्या दोन चॅनलच्या आवाजाची पातळी बदलून आणि त्याची कला (फेज, म्हणजे ध्वनिलहरीची वेळेतली स्थिती) ९० अंशांनी सरकवून ते पुढच्या दोनमध्ये मिळवलेले असतात आणि ऐकताना डिकोडर ते पुन्हा वेगळे करतो. साध्या डिकोडरने डावे-उजवे नीट वेगळे होते, परंतु पुढचे आणि मागचे यांच्यातला फरक जेमतेम ३ डेसिबल राहतो. म्हणजे पुढे असायला हवे ते गाणे मागूनही ऐकू येते. सुधारित डिकोडर त्या क्षणी जो कोपरा प्रबळ असेल त्याला उचलून बाकीचे दाबतात. त्यामुळे वेगळेपणा वाढतो, पण एकाच वेळी चारही बाजूंनी वाद्ये वाजत असली की आवाज श्वास घेतल्यासारखा वरखाली होतो. आता संगणकावर ध्वनीच्या निरनिराळ्या कंप्रतापट्ट्यांवर स्वतंत्रपणे डिकोडिंग करता येते आणि निकाल सत्तरच्या दशकातल्या कोणत्याही घरगुती यंत्रापेक्षा चांगला येऊ शकतो. तरीही एकदा मिसळलेले चार चॅनल शंभर टक्के वेगळे होत नाहीत, ही गणिती मर्यादा कायम राहते.

काट्रिजची गोष्ट उलटी आहे. पाव इंची टेपेवर आठ ट्रॅक, त्यांचे चार-चारचे दोन गट. म्हणजे चारही चॅनल पहिल्यापासून स्वतंत्र. वेगळेपणा उत्तम. परंतु टेपेचा वेग सेकंदाला सुमारे साडेनऊ सेंटिमीटर आणि ट्रॅक अतिशय अरुंद, त्यामुळे सळसळ जास्त आणि वरचे स्वर बोथट. शिवाय काट्रिजमधला फोमचा दाबपट्टा कालांतराने भुगा होतो आणि टेपेचा जोड सुटतो. म्हणून दुरुस्त न करता वाजवलेल्या काट्रिजवरून घेतलेल्या प्रतीत आवाज थरथरतो किंवा एखादा चॅनल मध्येच बुजतो.

याखेरीज 'मूळ मास्टर टेपच्या प्रतीवरून' असे सांगणाऱ्या प्रतीही फिरतात. कोणती टेप, किती पिढ्यांनंतरची, कोणत्या यंत्रावर वाजवली, ही माहिती सोबत नसेल तर तो दावा आम्ही धरत नाही. प्रत ऐकायला स्वच्छ आहे म्हणून ती मास्टरवरूनच आली असली पाहिजे, असा निष्कर्ष काढता येत नाही. २०११ नंतर ती थेट अधिकृत ब्लू-रेवरून उचललेलीही असू शकते.

हातात आलेली फाइल खरी चार चॅनलची आहे की स्टिरिओवरून फुगवलेली आहे, हे कसे ओळखावे?

पहिली कसोटी कानाची. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून पुढचे चॅनल बंद करा आणि फक्त मागचे दोन ऐका. खऱ्या क्वाड मिश्रणात मागे पूर्ण वाद्ये सापडतात आणि त्यांना कणा असतो. स्टिरिओवरून फुगवलेल्या प्रतीत मागे बहुधा नुसता प्रतिध्वनी, झांजांची किनार आणि पाण्याखालून आल्यासारखा गढूळ आवाज असतो, कारण तिथे डाव्या-उजव्यातली वजाबाकी सोडली तर फारसे काही नसते.

दुसरी कसोटी बेरजेची. चारही चॅनल मिळवून दोन करा, नेहमीच्या स्टिरिओ आवृत्तीशी वेळेचा नेमका मेळ घाला आणि स्टिरिओची तरंगाकृती उलटी करून त्यात मिळवा. जवळजवळ शांतता उरली तर फाइल स्टिरिओवरूनच बनवलेली आहे हे जवळपास निश्चित. मुळात वेगळ्या केलेल्या मिश्रणात वाद्यांचे प्रमाण, प्रतिध्वनी आणि गाण्यांमधले सांधे वेगळे असतात, त्यामुळे दोन्ही एकमेकांना खोडत नाहीत. मात्र उलट निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. वेग किंचित वेगळा असला किंवा फुगवताना कला बदलली असली तरीही शांतता मिळत नाही. म्हणून ही कसोटी बनावट पकडते, अस्सलपणा सिद्ध करत नाही.

तिसरी कसोटी वर्णपटाची, म्हणजे आवाजातल्या कंप्रतांच्या आलेखाची. फाइलवर ९६ किलोहर्ट्झ लिहिलेले आहे आणि २२ किलोहर्ट्झच्या वर काहीही नाही, तर ती ४४.१ किलोहर्ट्झच्या स्रोतावरून, बहुधा डीटीएस-सीडीवरून, वाढवलेली आहे. वरचा भाग १६ किलोहर्ट्झला सुरीने कापल्यासारखा थांबत असेल तर मध्ये केव्हातरी एमपी३सारखे दाबलेले रूप येऊन गेलेले असते.

आणि सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे २०११ च्या संचातल्या क्वाड मिश्रणाशी तुलना. आमच्यापैकी ज्यांच्याकडे तो संच आहे त्यांच्या घरी बसून आम्ही अशी तुलना करतो, आणि नव्या श्रोत्याने निदान एकदा तरी ती करावी असा आमचा आग्रह असतो. एकदा अस्सल कानात बसले की बाकी कसोट्यांची गरज कमी होते.

गाण्यातील वाद्ये सॉफ्टवेअरने वेगळी करून कोणी नवे सराऊंड मिश्रण केले, तर त्यात वाईट काय?

वाईट काही नाही. फक्त त्याला त्याच्या नावाने ओळखावे. डीझर कंपनीने २०१९ मध्ये स्प्लीटर हे सॉफ्टवेअर खुले केले आणि त्याच सुमारास डेमक्ससारखी साधनेही आली. त्यांनी तयार मिश्रणातून गायन, ड्रम, बास आणि उरलेली वाद्ये बऱ्यापैकी वेगळी होतात. त्याआधी संगीतावरच्या व्हिडिओ गेममध्ये आलेले सुटे ट्रॅक काढून काही हौशींनी वेगवेगळ्या गाण्यांची ५.१ मिश्रणे केली होती. त्यांत निदान ट्रॅक तरी खरे होते.

या अल्बमच्या बाबतीत मात्र सॉफ्टवेअर नेमके जिथे हवे तिथेच अडखळते. 'द ग्रेट गिग इन द स्काय'मध्ये क्लेअर टोरी यांचे शब्दांविना गायन पियानो आणि ऑर्गनमध्ये इतके विरघळलेले आहे की वेगळे करताना आवाजाच्या कडा फाटतात. घड्याळे, पावले, हसणे, बोलणे यांना सॉफ्टवेअर ड्रममध्ये टाकील की गायनात, याचा नेम नसतो. दोन स्पीकरवर हे दोष एकमेकांखाली झाकले जातात, परंतु चार कोपऱ्यांत विखुरल्यावर उघडे पडतात.

आपल्या जुन्या मराठी-हिंदी गाण्यांवर हे करता येईल का?

जुन्या गाण्यांपैकी बहुतेक मोनो, म्हणजे एकाच चॅनलवर आहेत. तिथे वाद्ये वेगळी करणे म्हणजे पूर्णपणे अंदाज. करून पाहण्यास हरकत नाही, पण त्याला मूळ सराऊंड म्हणता येणार नाही.

कायदा काय म्हणतो?

आम्ही वकील नाही, तरी मूळ तरतुदी प्रत्येकाला माहीत असाव्यात. भारताच्या कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झालेल्या वर्षाच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षे राहतो. म्हणजे १९७३ च्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क २०३३ च्या अखेरीपर्यंत आहे. रचना आणि शब्द यांवरचा हक्क स्वतंत्र असून तो रचनाकारांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. ध्वनिमुद्रणाची प्रत काढून वाटणे, मग पैसे घेतलेले असोत वा नसोत, हक्कधारकाच्या परवानगीविना करता येत नाही. 'आम्ही फुकट देतो' हा बचाव अनेक जण मनापासून करतात, परंतु तो कायद्यात बसत नाही. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी कलम ६३ मध्ये ६ महिने ते ३ वर्षे कारावास आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. व्यापारी लाभासाठी केलेले नसेल तर न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते.

दुसऱ्या बाजूला कलम ५२ मध्ये खासगी वापर आणि संशोधन यांसाठी न्याय्य व्यवहाराची मुभा आहे. स्वतः विकत घेतलेली क्वाड तबकडी घरी डिजिटल करून, डिकोड करून स्वतः ऐकणे याच मुभेत बसते असे आम्ही समजतो. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ डिस्कवरील तांत्रिक संरक्षण तोडण्याविषयी आहे. त्यात हक्कभंगाचा हेतू हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. स्वतःच्या घरात ऐकणे आणि प्रत काढून दहा जणांना देणे यांतला फरक इथे निर्णायक ठरतो.

तुमच्याकडून प्रत मिळेल का?

नाही. ऐकायला या, मनापासून स्वागत आहे. फाइल, पेनड्राइव्ह किंवा दुवा आम्ही देत नाही आणि कोणाला मागूही नये. २०११ आणि २०२३ चे संच महाग आहेत हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच दोघा-तिघांनी मिळून एक संच घ्यावा आणि एकत्र बसून ऐकावा, असे आम्ही सुचवतो.

हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या सभागृहात श्रवणाचा जाहीर कार्यक्रम करता येईल का?

अधिकृत डिस्क वापरून आणि ध्वनिमुद्रण तसेच संगीतरचना या दोन्हींच्या हक्कधारकांकडून परवाना घेऊन करता येईल. नफ्यासाठी नसलेल्या मंडळाच्या उपक्रमात ध्वनिमुद्रण ऐकवण्यास कलम ५२ मध्ये एक अपवाद आहे, पण तो तिकीट लावलेल्या जाहीर कार्यक्रमाला लागू होईल असे गृहीत धरू नये. आणि अनधिकृत प्रतीसाठी त्याचा आधार घेणे आम्हाला मुळीच योग्य वाटत नाही.

फाइल वाजवली की नुसती खरखर येते. फाइल बिघडली आहे का?

बहुधा नाही. ती डीटीएस-सीडीवरून घेतलेली आहे. या सीडीवर डीटीएसचा सांकेतिक प्रवाह साध्या सीडीच्या ध्वनीचा वेश घेऊन बसलेला असतो: १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, सेकंदाला १,४११ किलोबिट. डिकोडर नसलेले यंत्र त्याला संगीत समजून वाजवते आणि पांढरा गोंगाट ऐकू येतो. तो मोठा असल्यामुळे ट्विटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा छोटा स्पीकर, जळू शकतो, म्हणून अनोळखी फाइल नेहमी आवाज अगदी कमी ठेवून लावावी. रिसीव्हरला, म्हणजे संकेत उलगडून स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या यंत्राला, डीटीएस ओळखता यावे यासाठी संगणकातला आवाज पूर्ण पातळीवर ठेवावा आणि इक्वलायझर व नमुनादर (सॅम्पल रेट) बदलणारी प्रत्येक सोय बंद करावी. एक बिट जरी बदलला तरी संकेत मोडतो.

रिसीव्हरला ऑप्टिकल केबल जोडली आहे, तरी मागचे स्पीकर गप्प का?

ऑप्टिकल केबलमधून न दाबलेला ध्वनी फक्त दोन चॅनलपुरता जातो. चार किंवा सहा चॅनल हवे असतील तर ते डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस रूपात दाबलेलेच पाठवावे लागतात. बहुचॅनल फ्लॅक फाइल (दर्जा न घालवता दाबलेली ध्वनिफाइल) वाजवायची असेल तर संगणकापासून रिसीव्हरपर्यंत एचडीएमआय केबल वापरावी. तीमधून आठ चॅनलपर्यंत न दाबलेला ध्वनी जातो. त्यानंतर संगणकाच्या ध्वनी-मांडणीत ५.१ निवडायला विसरू नये. अनेक रिसीव्हर पेनड्राइव्हवरून फक्त स्टिरिओ फ्लॅक वाजवतात, म्हणून 'पेनड्राइव्ह लावला, फाइल उघडत नाही' ही तक्रारही फाइलची नसते.

गायन मागून आणि प्रतिध्वनी पुढून येत असेल तर चॅनलचा क्रम चुकला आहे. फ्लॅक आणि वेव्हमध्ये क्रम पुढचा डावा, पुढचा उजवा, मधला, वूफर, मागचा डावा, मागचा उजवा असा असतो. सिनेमाच्या क्रमात मधला चॅनल डाव्या-उजव्याच्या मध्ये येतो. एफएफएमपेग या मोफत साधनाने दर्जा न घालवता क्रम बदलता येतो. क्वाड मिश्रणात मधला स्पीकर आणि वूफरचा स्वतंत्र चॅनल रिकामाच असतो, तो दोष नव्हे.

सोलापुरातल्या साध्या घरात स्पीकरची मांडणी कशी करावी?

५.१ साठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत ऐकणाऱ्याच्या समोरच्या रेषेपासून पुढचे स्पीकर ३० अंशांवर आणि मागचे १०० ते १२० अंशांवर असतात, म्हणजे ते जवळजवळ बाजूला येतात. क्वाडची कल्पना मात्र चौकोनाची आहे: पुढे ४५, मागे १३५. म्हणून पार्सन्स यांचे मिश्रण ऐकताना मागचे स्पीकर खरोखर मागच्या कोपऱ्यांकडे सरकवावेत. मागच्या भिंतीला टेकवलेला सोफा दोन-तीन फूट पुढे ओढला तरी लक्षणीय फरक पडतो. अंतरे सारखी ठेवता आली नाहीत तर रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरचे अंतर मोजून भरावे. आवाजाला ३४ सेंटिमीटर जाण्यास सुमारे एक मिलिसेकंद लागतो आणि तेवढ्याने चित्र सरकते.

आपल्याकडच्या खोल्यांत शहाबादी फरशी किंवा टाइल, सिमेंटच्या उघड्या भिंती आणि वर स्लॅब, त्यामुळे आवाज घुमतो. जमिनीवर जाड सतरंजी आणि समोरासमोरच्या दोन भिंतींपैकी एका भिंतीवर सोलापुरी चादर लावली तर वरच्या स्वरांचा खणखणाट कमी होतो. चादर भिंतीला चिकटवू नये. चार-सहा इंच सोडून टांगली तर मधल्या स्वरांवरही काही परिणाम होतो. खालच्या स्वरांवर मात्र कापडाचा उपयोग नाही. त्यासाठी वूफरची जागाच बदलून पाहावी लागते.

अल्बमची सुरुवात हृदयाच्या ठोक्यांनी होते आणि ते शांततेतून हळूहळू वर येतात. शेजारी यंत्रमाग चालू असताना किंवा उन्हाळ्यात पंखा पाचवर असताना हा भाग हरवतो आणि मग माणूस आवाज वाढवतो; पुढची घड्याळे मग कानठळ्या बसवतात. पूर्व भागातले आमचे श्रोते म्हणून माग बंद असण्याची वेळ गाठतात.

शेजाऱ्यांचे काय?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. सराऊंडसाठी मोठा आवाज लागत नाही. चार बाजूंचा समतोल लागतो. गणपतीच्या मिरवणुकीत ज्या भिंतीएवढ्या स्पीकरना डॉल्बी म्हणतात त्यांच्याशी या श्रवणाचा काही संबंध नाही, हे शेजाऱ्यांना एकदा घरी बोलावून ऐकवले की पटते.

फाइलसोबत कोणती माहिती असायला हवी?

या सगळ्यात आम्हाला सर्वाधिक कळकळ याच गोष्टीची आहे. मूळ साधन कोणते, कोणत्या देशातले, त्यावरचा क्रमांक काय (ब्रिटिश क्वाड तबकडीवर क्यू४एसएचव्हीएल ८०४ असा आहे), कोणत्या सुईने किंवा कोणत्या टेपयंत्रावर वाजवले, कोणत्या दराने डिजिटल केले, डिकोडर कोणता, नंतर आवाजात काय बदल केले आणि कोणत्या तारखेला, एवढे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेले असावे. स्वतःच्या संग्रहासाठी केलेल्या प्रतीलाही हे लागू आहे, कारण पाच वर्षांनी स्वतःलाही आठवत नाही. ज्याने खूप मेहनतीने काट्रिज दुरुस्त करून उतरवली त्याचे काम आणि ज्याने एक बटण दाबून स्टिरिओ फुगवला त्याचे काम, दोन्ही एकाच नावाच्या फाइलमध्ये शेजारी पडलेली असतात. पहिल्याला न्याय मिळण्याचा एकमेव मार्ग म्हणजे ही लिखित माहिती. ती पुढे देताना कापली जाते तेव्हा जतनाचे सगळे काम वाया जाते.

हेडफोनवर हे ऐकता येते का?

ॲटमॉसचे मिश्रण हेडफोनसाठी रूपांतरित होऊन ऐकता येते आणि विस्तार जाणवतो. क्वाडचा अनुभव मात्र हेडफोनवर येत नाही, कारण डोके वळवले की कोपरेही सोबत वळतात.

पहिल्यांदा कोणते मिश्रण ऐकावे?

आधी स्टिरिओ, तोंडपाठ होईपर्यंत. नंतर १९७३ चे क्वाड, आणि मग २००३ चे ५.१. क्वाडमध्ये पार्सन्स बिचकत नाहीत. कोपरे ठळक आहेत, हालचाल धीट आहे आणि ऐकणारा मधोमध उभा आहे असे धरलेले आहे. गथ्री यांचे मिश्रण अधिक गुळगुळीत, खालच्या स्वरांत भरीव आणि सांध्यांत नेटके आहे. आमच्यात दोन्ही बाजूंचे लोक आहेत. या लेखकाचा कौल 'ऑन द रन'साठी क्वाडला आणि अल्बमच्या शेवटच्या दोन गाण्यांसाठी ५.१ ला आहे.

घरातल्या जुन्या तबकड्यांत क्वाड तबकडी सापडली तर काय करावे?

आधी वेष्टनावर एसक्यू, क्यूएस किंवा सीडी-४ यांपैकी काय छापले आहे ते पाहावे. सीडी-४ च्या तबकडीत ३० किलोहर्ट्झची वाहक लहर असते. ती उचलण्यासाठी शिबाटासारख्या खास आकाराची सुई लागते, आणि साध्या झिजलेल्या सुईने वाजवल्यास मागच्या चॅनलची माहिती कायमची घासली जाते. म्हणून ती तबकडी तशी सुई मिळेपर्यंत वाजवूच नये. एसक्यूची तबकडी चांगल्या साध्या सुईने चालते. ती डिजिटल करताना ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट असे दोन चॅनलमध्येच ध्वनिमुद्रण करावे, टिकटिक काढणारे किंवा सळसळ कमी करणारे कोणतेही साधन डिकोडिंगपूर्वी लावू नये, कारण त्याने दोन चॅनलमधली कला बदलते आणि मागची माहिती याच कलेत दडलेली असते. हे कच्चे ध्वनिमुद्रण जसेच्या तसे जपून ठेवावे आणि डिकोड केलेली चार चॅनलची प्रत वेगळी ठेवावी. डिकोडर सुधारत आहेत आणि तेच कच्चे ध्वनिमुद्रण काही वर्षांनी पुन्हा, अधिक चांगले डिकोड करता येईल.